चिकटवणाऱ्यांनो, खरवडायलाही या!

माझा राग स्टिकरवर नाही, चिकटवणाऱ्यावर आहे. फास्टॅगचे समजू शकतो. त्याने टोल तरी भरला जातो. पण गाडी माझी, हप्ते माझे, आणि मागच्या काचेवर नाव विकणाऱ्याचे? तेही न विचारता!

परवा ते नाव काढायला बसलो. कागद निघाला, चिकट थर राहिला. पाणी मारले, ढिम्म! डिंक असता तर विरघळला असता, हा पडला तेलाचा सोयरा. मी दाढीचे ब्लेड काढले, तशी सौ. कडाडली, "अहो, मागच्या काचेवर धुके घालवायच्या तारा आहेत. तुटतील ना!" शेवटी तिनेच केस वाळवायच्या यंत्राने काच कोमट केली, खोबरेल चोळले, दहा मिनिटे थांबली आणि बाद झालेल्या एटीएम कार्डाने थर अलगद खरवडला. मग साबणाचे पाणी. बँकेचे कार्ड इतके उपयोगी पडताना मी प्रथमच पाहिले!

कर्ज फिटले की आमची बँक बोजा उतरवण्याचे पत्र देते. मग चिकटवणाऱ्याने आपला बोजा का उतरवू नये? मागणी एवढीच : आधी विचारा, नाहीतर काढायला स्वतः या. खोबरेल माझ्याकडून. कोपर तुमचे!