बाहेरून लावलेली कडी

जोगेश्वरी स्थानकाच्या पूर्वेस उतरून महामार्ग ओलांडला की मजासच्या बाजूने टेकडीवर चढत गेलेल्या वस्त्या सुरू होतात. गल्ल्या अरुंद, पायऱ्या उंच. सकाळी या गल्ल्यांतून बायकांची रांग खाली उतरते. कोणी ओशिवरा-लोखंडवाल्याच्या इमारतींत धुण्याभांड्याला जाते, कोणी सीप्झमधील कारखान्यात. बहुतेक घरांना कुलूप लागते, नाही तर शेजारणीच्या भरवशावर दार उघडे राहते. काही थोड्या दारांना मात्र नुसती बाहेरून कडी असते, कारण आत कोणी तरी असते. ते मूल आठ वर्षांचे असेल किंवा बारा वर्षांचे; चालता न येणारे, बोलता न येणारे, किंवा चालता येते म्हणूनच हरवण्याची, नाल्यात पडण्याची धास्ती असलेले. उशाशी पाण्याची बाटली आणि झाकून ठेवलेली पोळी एवढ्यावर त्याचा दिवस निघतो.

या कडीला काय म्हणावे? वस्ती म्हणते, नशीब. कायद्याच्या भाषेत ते दुर्लक्ष ठरू शकते. बालन्याय अधिनियम, २०१५ मध्ये 'काळजी व संरक्षणाची गरज असलेले बालक' कोण, याची जी व्याख्या आहे तिच्यात विकलांग मुलाचा स्पष्ट उल्लेख आहे : ज्याला सांभाळणारे कोणी नाही, किंवा ज्याचे आईबाप सांभाळण्यास अपात्र आहेत, असे मूल. हा 'अपात्र' शब्द विचार करण्याजोगा आहे. पहाटे उठून मुलाला न्हाऊ-खाऊ घालून कामावर धावणारी आई अपात्र, की तिच्या मजुरीच्या तासांत मुलाला ठेवायला जागा न देणारी नगरी अपात्र, हे व्याख्येत लिहिलेले नाही.

एखाद्या शेजाऱ्याने तक्रार केली आणि यंत्रणा हलली, असे समजू. मूल ताब्यात घेतल्यापासून, प्रवासाचा वेळ वगळून, २४ तासांच्या आत त्याला बालकल्याण समितीपुढे उभे करावे लागते. उभे राहू न शकणाऱ्या मुलाच्या बाबतीतही शब्दप्रयोग हाच! उपनगर जिल्ह्याचे हे कामकाज मानखुर्दला चालत आले आहे. जोगेश्वरीहून हार्बरची गाडी, वडाळ्याला बदल, मग मानखुर्द. दोन्हीकडे पूल आणि गर्दी. दहा वर्षांच्या मुलाला कडेवर घेऊन हा प्रवास करणाऱ्या आईचा एका तारखेला एक रोज बुडतो. चौकशीला चार महिन्यांपर्यंत मुदत आहे आणि तारखा अनेक पडतात. सेवा सर्वांना खुली आहे असे कागदोपत्री म्हणता येते. पण ज्या मुलाला त्या सेवेची सर्वांत अधिक निकड, त्याच्यापासून ती सर्वांत दूर आहे.

मानखुर्दलाच का, याला इतिहास आहे. १९२४ साली मुंबई इलाख्यात बालकांसंबंधीचा कायदा झाला, १९२७ साली चिल्ड्रन्स एड सोसायटी स्थापन झाली आणि १९४१ साली मानखुर्द येथे मतिमंद मुलांसाठी स्वतंत्र गृह सुरू झाले. देशातील असे हे पहिलेच गृह मानले जाते. ज्या काळात अशा मुलांची वाट वेड्यांच्या इस्पितळाकडे किंवा तुरुंगाकडे जात असे, त्या काळात हे पाऊल मोठेच होते. परंतु त्यातून जो साचा पडला तो आजही मोडलेला नाही. विकलांग मुलाचे संरक्षण म्हणजे त्याला घरातून उचलून शहराच्या कडेला एका आवारात नेणे, असा तो साचा आहे. वस्तीतील कडी काढायची आणि आवाराचे फाटक लावायचे.

त्या फाटकाआड काय घडते, हे महाराष्ट्राने एकदा नव्हे, तीनदा पाहिले आहे. फेब्रुवारी १९९४ मध्ये शिरूरच्या शासकीय मतिमंद मुलींच्या गृहातील मुलींना पुण्याच्या ससून रुग्णालयात आणून त्यांची गर्भाशये काढण्यात आली. कारण सांगितले गेले ते असे की, मासिक पाळीच्या वेळची स्वच्छता या मुलींना सांभाळता येत नाही. ज्यांना सांभाळण्यासाठी गृह काढले त्यांना सांभाळण्याचा त्रास वाचावा म्हणून त्यांच्या शरीरातील अवयव काढून टाकायचा! स्त्री संघटना आणि आरोग्य चळवळीतील कार्यकर्त्यांनी गदारोळ केला तेव्हा हा प्रकार थांबला. २०१० साली ठाणे जिल्ह्यातील शहापूर तालुक्यात कवडास येथील मतिमंद मुलांच्या गृहातील अत्याचारांची बातमी वृत्तपत्रात आली आणि मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून तिची दखल घेतली; राज्यातील अशा गृहांची पाहणी करण्यासाठी समिती नेमावी लागली. ही पाहणी चालू असतानाच, २०११ साली, पनवेलजवळ कळंबोली येथील गृहातील मतिमंद आणि मूकबधिर मुलींवरील अत्याचार उघडकीस आले. २०१३ साली सत्र न्यायालयाने संस्थाचालकासह काही जणांना दोषी ठरविले.

या तिन्ही ठिकाणी एक गोष्ट समान आहे. मुले आत होती, नोंदणीत होती, अनुदान किंवा मान्यता यांच्या कक्षेत होती. म्हणजे शासनाच्या दृष्टीने ती 'संरक्षित' होती. त्यांना बोलता येत नव्हते म्हणून अत्याचार लपले, असे म्हणण्याचा प्रघात आहे. ते अर्धसत्य आहे. ही मुले आपापल्या परीने बोलतच असतात; खुणांनी, रडण्याने, अन्न नाकारण्याने, एखाद्या माणसाला पाहून अंग चोरण्याने. त्यांची भाषा जाणणारा कोणी तपासणीला आणायचा असतो, तो आणला जात नाही. तपासणी अधिकारी वही पाहतो, कोठीघर पाहतो, संडास मोजतो आणि सही करून निघतो. विकलांग मुलांवर हिंसा होण्याचा धोका इतर मुलांच्या तुलनेत जवळजवळ पावणेचार पट असतो, हा जागतिक आरोग्य संघटनेच्या पुढाकाराने झालेल्या आणि २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाचा निष्कर्ष आहे. म्हणजे ज्यांच्यासाठी यंत्रणेचे कान अधिक तीक्ष्ण हवेत, नेमके त्यांच्याच बाबतीत ती बहिरी आहे.

हा बहिरेपणा जोगेश्वरीत अधिक जवळून पाहता येतो. संकटातील मुलांसाठी १०९८ हा दूरध्वनी क्रमांक आहे. १९९६ साली तो याच मुंबईत, टाटा समाजविज्ञान संस्थेच्या उपक्रमातून सुरू झाला, देशभर पसरला आणि २०२३ पासून शासनाने तो स्वतःच्या हाती घेऊन ११२ या आपत्कालीन क्रमांकाशी जोडला. या क्रमांकाने असंख्य मुलांना हात दिला, यात शंका नाही. पण तो घडविताना डोळ्यांपुढे जे मूल होते ते ऐकणारे, बोलणारे, पळून रस्त्यावर येऊ शकणारे होते. कडीच्या आतले मूल फोन कसा करणार? मूकबधिर मुलगी काय सांगणार? त्यांच्या वतीने फोन करणारा कोणी तरी, म्हणजे शेजारीण, अंगणवाडी सेविका, आरोग्य स्वयंसेविका, हाच त्यांचा १०९८. त्या बायकांना यासाठी ना प्रशिक्षण, ना मानधनात एक पैसा अधिक.

पोलीस ठाण्याची गोष्ट आणखी नाजूक आहे. लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण करणारा २०१२ चा कायदा, ज्याला सारे पोक्सो म्हणतात, या बाबतीत बराच शहाणा आहे. मुलाच्या विकलांगतेचा गैरफायदा घेऊन केलेला अत्याचार तो अधिक गंभीर मानतो. जबाब घेताना विशेष शिक्षकाची किंवा मुलाची संवादाची रीत जाणणाऱ्या व्यक्तीची मदत घ्यावी असे सांगतो. पण कायद्यातला शब्द 'घेऊ शकतील' अशा वळणाचा आहे आणि रात्री अकरा वाजता मेघवाडीच्या किंवा जोगेश्वरीच्या ठाण्यात विशेष शिक्षक कोठून यायचा? नियमांनुसार जिल्ह्याच्या बालसंरक्षण कक्षाकडे अशा जाणकारांची यादी असायची असते. ती ठाण्याच्या भिंतीवर दूरध्वनी क्रमांकांसह लावलेली असली तरच तिचा उपयोग. नाही तर मुलाच्या खुणांचा अर्थ सांगायला घरचेच माणूस उभे राहते आणि अपराधी घरातलाच असेल तर तो अर्थ काय निघेल हे सांगायला नको. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ साली पाटण जमाल वली खटल्याच्या निकालात विकलांग साक्षीदाराची साक्ष दुय्यम मानता येणार नाही असे बजावले आहे. साक्ष आधी नोंदली तर गेली पाहिजे.

वास्तविक मुलाला घरातून उचलण्याच्या साच्यालाही कायद्याने केव्हाच नकार दिला आहे. भारताने २००७ साली विकलांग व्यक्तींच्या हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार मान्य केला. त्याला अनुसरून झालेल्या २०१६ च्या हक्क कायद्याचे नववे कलम म्हणते की, केवळ विकलांगतेच्या कारणाने कोणत्याही मुलाला आईबापांपासून तोडता येणार नाही. सक्षम न्यायालयाने मुलाच्या हितासाठी आवश्यक ठरविले तरच ते करता येईल. आईबाप सांभाळू शकत नसतील तर आधी जवळचे नातलग, ते नसतील तर त्याच समाजात कुटुंबासारखे वातावरण, आणि अपवादात्मक परिस्थितीतच निवारागृह. हा क्रम आहे. व्यवहारात तो उलटा चालतो, कारण गृहासाठी शीर्षक आहे, अनुदान आहे, कर्मचारी आहेत. शेजारणीच्या घरी दिवसभर मूल सांभाळले जावे यासाठी अंदाजपत्रकात ओळ नाही.

घरी पैसा पोहोचविणारी योजना राज्यात अगदीच नाही असेही नाही. सावित्रीबाई फुले यांच्या नावाने चालणाऱ्या बालसंगोपन योजनेत तीव्र मतिमंद आणि बहुविकलांग मुलांना जागा आहे आणि २०२३ पासून तिची रक्कम दरमहा २,२५० रुपये आहे. १ फेब्रुवारी २०२५ पासून मुंबईत रिक्षाचे किमान भाडे २६ रुपये झाले. विशेष शाळा अगदी जवळ आहे असे धरले तरी जाण्यायेण्याचे ५२ रुपये. महिन्याचे २५ दिवस धरले तर १,३०० रुपये. उरलेल्या साडेनऊशेत औषधे, लंगोट, व्यायामोपचार आणि आईचा बुडालेला रोज बसवायचा. हे मिळावे म्हणून जे दाखले गोळा करावे लागतात, त्यांच्या फेऱ्यांचा खर्च वेगळाच.

दाखल्यांचा विषय निघाला की शासनाच्या खात्यांची सरहद्द दिसू लागते. बालसंरक्षण महिला व बालविकास विभागाकडे; विशेष शाळा दिव्यांग कल्याण विभागाकडे, जो डिसेंबर २०२२ मध्ये स्वतंत्र झाला; अपंगत्वाचे प्रमाणपत्र रुग्णालयाकडे; तक्रार गृह खात्याकडे; वस्तीतील दवाखाना महापालिकेकडे. प्रत्येक खात्याकडे मुलाचा एक तुकडा आहे. बालकल्याण समितीला मूल 'संरक्षणाचे' वाटते तेव्हा तिच्यापुढे उपचारतज्ज्ञ नसतो. विशेष शाळेला मुलाच्या अंगावरचे वळ दिसतात तेव्हा तक्रार कोणाकडे करायची हे शिक्षिकेला कोणी शिकविलेले नसते. अपंगाचा दिव्यांग झाला, पाट्या बदलल्या, नव्या विभागाचे उद्घाटन झाले. शब्दाला देवत्व देणे स्वस्त पडते. एका टेबलावर दोन खात्यांचे अधिकारी बसविणे महाग नाही, पण ते अद्याप घडायचे आहे.

वयाचा प्रश्न तर सगळ्यांत कठोर. बालसंरक्षणाचे दार अठराव्या वाढदिवशी बंद होते; पुढे अनुरक्षणाची सोय साधारण २१ पर्यंत. ज्या मुलीला स्वतःचे केस विंचरता येत नाहीत तिने त्या दिवशी स्वावलंबी व्हावे अशी ही अपेक्षा आहे. अमरावती जिल्ह्यातील वझ्झर येथे टाकून दिलेल्या विकलांग मुलांना बापाचे नाव देऊन सांभाळणारे शंकरबाबा पापळकर वर्षानुवर्षे हेच सांगत आले की, या मुलांना अठरानंतर हलवू नका, तेथेच राहू द्या. त्यांना २०२४ साली पद्मश्री जाहीर झाली. त्यांची मागणी मात्र पद्मश्रीपेक्षा जुनी आहे.

जोगेश्वरीच्या त्या दारापाशी परत येऊन पाहिले तर हवे आहे ते फारसे अवघड नाही. दिवसभराचे सांभाळकेंद्र हवे, पायऱ्या न चढता पोहोचता येईल असे. केंद्राच्या 'पाळणा' योजनेतील पाळणाघरात मूल सहा वर्षांपर्यंतच ठेवता येते. अंगणवाडीचीही मर्यादा तीच. सहाव्या वर्षी सुदृढ मूल शाळेत जाते. विकलांग मूल अनेकदा कडीच्या आत जाते. कारखान्यातील बाईसाठी पाळणाघराचा कायदा निदान कागदावर १९४८ पासून आहे. धुणेभांडी करणाऱ्या बाईसाठी तोही नाही. महापालिकेच्या शाळांमधील रिकाम्या वर्गखोल्यांपैकी एक खोली, एक विशेष शिक्षिका आणि वस्तीतल्याच दोन पगारी बायका, एवढ्यावर प्रारंभ होऊ शकतो. बालकल्याण समितीने महिन्यातून एक दिवस पश्चिम उपनगरात बैठक घ्यावी. पाच माणसांनी मानखुर्दहून येणे, शेकडो मायलेकरांनी मानखुर्दला जाण्यापेक्षा निश्चित सोपे आहे.

हे मागायचे कोणी? प्रभागाच्या बालसंरक्षण समितीवर लोकनियुक्त नगरसेवकाने असायचे असते. मार्च २०२२ मध्ये महापालिकेची मुदत संपल्यानंतर तीन वर्षांहून अधिक काळ मुंबईत नगरसेवकच नव्हते. याच पट्ट्यात, शेजारच्या गोरेगावात, मृणाल गोरे यांच्यामागे उभे राहून बायकांनी एके काळी नळाचे पाणी मिळविले होते. पाण्याची टंचाई गल्लीतल्या प्रत्येकीला भोगावी लागे, म्हणून मोर्चा मोठा निघाला. कडी मात्र एका गल्लीत एखाद्याच दाराला असते, आणि त्या घरची बाई मोर्चाला येऊ शकत नाही; तिला घरी परतायची घाई असते. म्हणून तिच्या वतीने इतरांना जावे लागेल. किती दारे आहेत हे ठरविण्यासाठी सर्वेक्षणाची निविदा काढण्याचीही गरज नाही. गल्लीतल्या अंगणवाडी सेविकेला विचारले तर ती उभ्या उभ्या दारे दाखवील.