माळ्यावरचं झांझिबार

मैत्रिणींनो, आधी एक कबुली देते. लग्न होऊन मी या गावात आले त्या वर्षी आमच्या गल्लीत ‘टाकाऊतून टिकाऊ’चा वर्ग चालायचा. त्यात जुन्या रेकॉर्डचा वाडगा करायला शिकवायचे. रेकॉर्ड कढत पाण्यात धरायची, मऊ पडली की उलट्या पातेल्यावर दाबायची, कडांना आपोआप झालर येते. वर सोनेरी रंग मारला की झाली फळं ठेवायला परडी. मी सासऱ्यांच्या अकरा रेकॉर्ड्स अशा उकडल्या. घरात रेकॉर्ड प्लेअर बंद पडून वर्षं झाली होती, त्यामुळे कुणाला विचारायचं मला सुचलंही नाही. सासरे संध्याकाळी घरी आले, परड्या बघितल्या, “छान झाल्यात” म्हणाले आणि पाय धुवायला गेले. बस्स. त्या अकरांत काय काय होतं हे मी त्यांना कधी विचारलं नाही. आता ते नाहीत.

हे सगळं आठवायचं कारण आमच्या शेजारच्या काकू.

काकूंचं वय शहाऐंशी. लग्नानंतर सहा-सात वर्षं त्या झांझिबारला होत्या. काका तिथे एका पेढीवर कारकून होते. १९६४च्या जानेवारीत तिथे क्रांती झाली, त्यानंतर पुष्कळ हिंदी लोकांनी बेट सोडलं, त्यात हेही परतले. काकू सांगतात, येताना दोन ट्रंका आणि रेकॉर्डची एक लाकडी पेटी एवढंच आणता आलं. भांडी तिकडेच राहिली. सासूबाईंनी आयुष्यभर ऐकवलं, “पितळी घंगाळ सोडून गाणी आणली!” ती पेटी पन्नास-साठ वर्षं माळ्यावर पडून होती. गेल्या दिवाळीत काकूंचा मुलगा पुण्याहून आला आणि माळा रिकामा करायला काढला. त्याचंही बरोबर आहे. घर दुरुस्त करायचंय, पाऊस आत येतो. पेटीचे फोटो त्याने कुणाला तरी पाठवले, तर मुंबईचा एक व्यापारी लगेच यायला तयार. मात्र त्याला हिंदी सिनेमाच्या नकोत, भावगीतांच्या नकोत, फक्त आफ्रिकेतल्या हव्यात. काकू मला हळूच म्हणाल्या, “विकू दे गं. पण एकदा ऐकव मला.”

आता ऐकवायचं कशावर? बाजारपेठेत एक रेडिओ दुरुस्तीवाले आजोबा आहेत. त्यांच्याकडे जुना चेंजर निघाला. त्यांनी पट्टा बदलला, सुई आणून दिली आणि मला चांगलंच फैलावर घेतलं. म्हणाले, “ताई, या सगळ्या एका सुईनं वाजवायच्या नसतात.” मला हे नवीनच होतं. पेटीत दोन जातींच्या रेकॉर्ड्स होत्या. एक जड, काचेसारखी, पडली की तुकडे. ती मिनिटाला अठ्ठ्याहत्तर फेरे घेते आणि एका बाजूला जेमतेम तीन मिनिटांचं गाणं. दुसरी हलकी, जराशी वाकणारी, विनायलची. विनायलची लाँग प्ले आली १९४८मध्ये, तिच्या एका बाजूला वीस-बावीस मिनिटं मावतात. पहिलीच्या खाचा रुंद, दुसरीच्या बारीक, म्हणून सुया वेगळ्या.

आणि ती जड तबकडी कशाची असते, माहीत आहे? लाखेची. आपण बांगड्यांत बघतो तीच लाख. झाडाच्या फांदीवर किडे बसतात, त्यांचा थर खरवडून काढतात. जगातल्या रेकॉर्ड कंपन्यांना लागणारी बरीचशी लाख आपल्या देशातल्या जंगलांतून, छोटा नागपूरसारख्या भागातून जायची. फांद्या खरवडणाऱ्या त्या बायकांनी स्वतः रेकॉर्ड ऐकली असेल का, हा विचार माझ्या डोक्यातून जात नाही.

तर काकूंच्या ओटीवर आम्ही आठ-दहा जणी बसलो. बचत गटाची बैठक होतीच, तिलाच जोडून घेतलं. पहिल्या रेकॉर्डची आधी नुसती खरखर. कढईत मोहरी तडतडावी तशी. मग एका बाईचा आवाज आला, उंच, जरासा नाकातून, मागे व्हायोलिन आणि डफ. काकू ताठ बसल्या. “ही सीती!” म्हणाल्या. “आमची मोलकरीण हिची गाणी म्हणत केर काढायची.”

सीती बिन्ती साद. हे नाव मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं आणि नंतर मिळेल तेवढं वाचलं. मैत्रिणींनो, ही बाई आपल्याला माहीत असायला हवी होती. १८८०च्या सुमारास झांझिबारच्या फुंबा नावाच्या खेड्यात जन्मली. आई-बाप गुलामगिरीतले. पोरीचं नाव ठेवलं मतुम्वा, त्याचा अर्थच गुलाम. आई मातीची भांडी करायची आणि ही पोरगी ती विकायला दारोदार हिंडायची. भांडी घ्या म्हणून जी हाळी द्यायची तिच्यातच गाणं होतं. १९११मध्ये ती शहरात आली, गाणाऱ्या-वाजवणाऱ्या मंडळींकडे शिकली. तोवर तिथलं ‘तारब’ हे गाणं म्हणजे सुलतानाच्या वाड्यातली चीज, अरबी भाषेतली आणि पुरुषांनी म्हणायची. हिने ते स्वाहिलीत आणलं, म्हणजे मोलकरणींच्या, नावाड्यांच्या भाषेत. लोकांनी तिला ‘सीती’ म्हणायला सुरुवात केली. सीती म्हणजे बाईसाहेब. गुलामची बाईसाहेब झाली!

आणि ती पहिली रेकॉर्ड करायला कुठे आली? आपल्या मुंबईला. १९२८मध्ये. पूर्व आफ्रिकेतल्या बाईचा आवाज पहिल्यांदा तबकडीवर उमटला तो मुंबईत. ती आणि तिचे साथीदार बोटीने समुद्र ओलांडून आले, एचएमव्हीसाठी गायले आणि परत गेले. १९३१पर्यंत तिच्या बहात्तर हजार रेकॉर्ड्स खपल्या होत्या, तेही ज्या भागात ग्रामोफोन मूठभर घरांत, तिथे! बाकीचे चहाच्या दुकानासमोर उभे राहून ऐकायचे. मी कला शाखेची पदवीधर, इतिहास हा माझा विषय. मुंबईच्या इतिहासात गिरण्या शिकले, गोदी शिकले, ही बाई कुणी शिकवली नाही.

तिच्या रूपावरून, गरिबीवरून टोमणे मारणारी गाणी तिच्याविरुद्ध निघाली. तिने उत्तरही गाण्यातच दिलं. पण मला सगळ्यात भिडलं ते ‘किजिती’ नावाचं गाणं. किजिती या माणसाने दारेसलामहून आलेल्या एका बाईवर अत्याचार करून तिचा खून केला आणि बेट सोडून पळून गेला. खटला उभा राहिला तेव्हा गुन्हेगार सापडला नाही, पण त्या बाईच्या सोबतिणींनाच न्यायालयाने दारूच्या आरोपावरून दोषी धरलं. साक्ष द्यायला गेलेल्या बायका आरोपी झाल्या. सीतीने हे सगळं गाण्यात घातलं. समुपदेशन केंद्रात दर बुधवारी बसणाऱ्या मला ही गोष्ट शंभर वर्षांपूर्वीची वाटत नाही हो. निकालपत्र कपाटात राहतं, गाणं मात्र बाजारात फिरतं, चुलीपाशी म्हटलं जातं. सीती १९५०मध्ये गेली. तिच्याकडे पाहून शिकलेली बी किदुदे २०१३पर्यंत होती आणि म्हातारपणातही जगभर गायली.

आता मुद्द्याचं. काकूंच्या मुलाने रेकॉर्ड्स विकाव्यात की नाही? आमच्या ओटीवर यावरून चांगलीच जुंपली. एक म्हणाली, आठवण आहे, पैशात कसली मोजता? दुसरी म्हणाली, आठवणीने कौलं शाकारता येत नाहीत. माझं मत विचाराल तर, विकायला हरकत नाही. पण न वाजवता, उतरवून न घेता विकायला माझी हरकत आहे. आणि विकत घेणाऱ्याने ती कपाटात कुलूपबंद ठेवायलाही आहे. परदेशात हौशी संग्राहक आफ्रिकेतल्या जुन्या रेकॉर्ड्ससाठी वाटेल ते मोजतात. पुष्कळदा मोल असतं ते ‘माझ्याकडेच आहे, दुसऱ्या कुणाकडे नाही’ या गोष्टीचं. मला हे पैठणी ट्रंकेत कुजवण्यासारखं वाटतं.

संग्राहकांना मी नुसती नावं ठेवते असं नाही. पश्चिम आफ्रिकेतल्या गिनी देशाची गोष्ट ऐका. १९५८मध्ये देश स्वतंत्र झाला आणि सरकारने ठरवलं, आपलं गाणं आपण जपायचं. गावोगाव वाद्यवृंद उभे केले, ‘सिलिफोन’ नावाची सरकारी रेकॉर्ड कंपनी काढली. पोलिसी दलातल्या बायकांचा एक वाद्यवृंदही १९६१मध्ये निघाला, ‘अमेझोन’ नावाचा. गिटार, सॅक्सोफोन, ढोल, सगळं बायकाच वाजवायच्या. पुढे १९८५च्या उठावात राजधानीतल्या नभोवाणीच्या इमारतीवर तोफा डागल्या गेल्या आणि तिथल्या रेकॉर्ड्सचा संग्रह गेला. एका देशाचं गाणं एका दिवसात! मग ते परत कुठून आलं? लोकांच्या घरांतून. ग्रॅम काउन्सेल नावाच्या ऑस्ट्रेलियन अभ्यासकाने ब्रिटिश लायब्ररीच्या मदतीने २००८पासून खासगी संग्राहकांकडल्या तबकड्या एकेक करून जमवल्या. नभोवाणीत उरलेल्या फितीही उतरवल्या. नऊ हजारांवर गाणी झाली ती, आणि आज कुणीही ती घरबसल्या फुकट ऐकू शकतं. कुणाच्या तरी आजीने ‘अडगळ’ म्हणून फेकलं नाही म्हणून हे झालं. हे वाचल्यावर माझ्या अकरा परड्या डोळ्यांसमोर आल्या.

पण ‘सगळं सगळ्यांना वाटून टाका’ एवढंही सोपं नाही. सॉलोमन लिंडा हा दक्षिण आफ्रिकेतला झुलू गायक. १९३९मध्ये त्याने ‘म्बुबे’ हे गाणं रेकॉर्ड केलं, म्बुबे म्हणजे सिंह. गाण्याचे हक्क दहा शिलिंगांना गेले. तेच गाणं इंग्रजी अवतारात जगभर गाजलं, ‘लायन किंग’ सिनेमातही आलं, आपल्या पोरांनाही पाठ आहे. लिंडा १९६२मध्ये दारिद्र्यात वारला. त्याच्या मुलींनी खटला भरला आणि २००६मध्ये तडजोड होऊन त्यांच्या हाती काही पडलं. बापाचं गाणं सगळं जग गुणगुणतंय आणि लेकी सोवेटोत उधारीवर दिवस काढतायत, हे वाटून खाणं नव्हे. म्हणून माझ्या लेकाने काकूंच्या रेकॉर्ड्स संगणकावर उतरवल्या तेव्हा मी त्याला बजावलं, सीतीची १९२८ची खुशाल कुणालाही दे. आपल्या कायद्याने ध्वनिमुद्रणाचा हक्क साठ वर्षांनी संपतो. पण पेटीत नंतर भर पडलेल्या, ज्यांचे गायक-वादक किंवा त्यांची मुलंबाळं हयात असतील अशा रेकॉर्ड्स इंटरनेटवर उधळायच्या नाहीत. घरात ऐका, ओटीवर ऐका. ज्या कंपन्या कलाकारांना शोधून त्यांचा वाटा देऊन जुनी गाणी नव्याने काढतात, त्यांच्याकडून विकत घ्या.

जाता जाता एक. दुकानात या सगळ्याला ‘वर्ल्ड म्युझिक’ म्हणतात. १९८७मध्ये लंडनच्या एका गुत्त्यात काही रेकॉर्ड कंपन्यांची माणसं जमली आणि या रेकॉर्ड्स कुठल्या कप्प्यात ठेवायच्या यावर त्यांनी हे नाव ठरवलं. म्हणजे त्यांचं ते संगीत आणि उरलेल्यांचं ते ‘जगाचं’! काकूंना हे सांगितलं तर म्हणाल्या, “आम्ही त्याला शेजारचं गाणं म्हणायचो.” स्वाहिलीत दुकानाला दुका, चहाला चाय, चपातीला चपाती. दुनिया ती दुनियाच. उषा उथुपनी गायलेलं ‘मलायका’ लावलं तेव्हा तर काकू शब्द न चुकता सोबत म्हणत होत्या. मलायका म्हणजे देवदूत, हेही त्यांनीच सांगितलं.

शेवटी काकूंच्या मुलाने निम्म्या विकल्या. आलेल्या पैशांत माळ्यावरचे पत्रे बदलले. सीतीची एक काकूंनी ठेवून घेतली. “घंगाळ गेलं, ही राहू दे,” म्हणाल्या. विकलेल्या सगळ्या आधी उतरवून घेतल्या होत्या, त्याची एक प्रत व्यापाऱ्यालाही दिली. तो जरा खट्टू झाल्यासारखा वाटला.

पुढच्या रविवारी दुपारी चार वाजता काकूंच्या ओटीवर आम्ही पुन्हा बसणार आहोत. घरात जुन्या रेकॉर्ड्स असतील तर घेऊन या, कुठल्याही भाषेच्या चालतील. एकावर एक रचून आणू नका, उभ्या ठेवून आणा. खाचांवर बोटं लावू नका. धूळ मऊ, किंचित ओलसर फडक्याने टिपा, मधला कागद भिजू देऊ नका. आणि लाखेची तबकडी असेल तर स्पिरिटने मुळीच पुसू नका, लाख विरघळते. आजोबा दोन्ही सुया घेऊन येणार आहेत. घरातल्या मोठ्या माणसांनाही सोबत आणा, आणि रेकॉर्ड लावायच्या आधी ती कुणी, कधी आणली होती ते त्यांना विचारून ठेवा.