गॅस म्हणे गॅस!

मराठी माणसाच्या छातीपासून बेंबीपर्यंतच्या मुलखात एकच वस्तू असते, असे माझे आता ठाम मत झाले आहे. ती म्हणजे गॅस. डॉक्टरी पुस्तकांत तिथे यकृत, जठर, स्वादुपिंड वगैरे मंडळी राहतात असे छापलेले आढळते. पण ते विद्यार्थ्यांना परीक्षा पास होता यावी म्हणून. घरात चालतो तो गॅसच.

लग्नाच्या पंगतीत श्रीखंड-पुरी हाणून आलेला गृहस्थ रात्री बारा वाजता उठून बसतो. उजव्या बरगडीखाली कळ. ती चढत जाते, पाठीत शिरते, उजव्या खांद्याशी जाऊन ठणकते. धड बसवत नाही, धड झोपवत नाही. वर उलटी. अर्ध्या मिनिटात घरातले वैद्यकीय मंडळ जमते. आत्या म्हणते, "गॅस धरलाय." मामा म्हणतात, "तरी मी म्हणत होतो, सातवी पुरी नको." शेजारचे काका बंडी सावरत येतात आणि ओवा लिहून देतात. दोन-तीन तासांनी कळ थांबते. श्रेय ओव्याला जाते आणि काका बढती मिळाल्यासारखे घरी जातात.

माझे पित्त खवळते ते इथे. अहो, कळ थांबली ती ओव्याने नव्हे, खडा मागे सरकला म्हणून! पित्ताशय म्हणजे यकृताखाली लोंबणारी एक लहानशी पिशवी. तेलातुपाचे जेवण झाले की ती आकसते आणि साठवलेले पित्त आतड्यात सोडते. तिच्यात खडे असले तर एखादा तोंडाशी बुचासारखा बसतो आणि पिशवी बिचारी त्याला ढकलत राहते. तीच ती कळ. खडा सुटला, कळ गेली. पण खडा कुठे गेला? कुठेही नाही. तो पुढच्या लग्नाची वाट बघत तिथेच बसलेला असतो.

यात आपल्या भाषेचाही हात आहे. आंबट ढेकर आला, पित्त. डोके चढले, पित्त. अंगावर गांधी उठल्या, तरी पित्तच. त्यामुळे डॉक्टरांनी 'पित्ताशयात खडे आहेत' म्हटले की लोक घरी येऊन कोकम सरबत पितात. जे 'पित्त' ऐकत नाहीत ते नुसते 'खडे' ऐकतात आणि कुळथाचे कढण चढवतात. मुतखडा म्हणजे मूत्रपिंडाचा इलाखा. लघवीच्या वाटेचा आणि पित्ताच्या वाटेचा काडीचा संबंध नाही. पण हे कुळीथवाल्यांना सांगायचे कुणी?

आणखी एक पंथ ऑलिव्ह तेल आणि लिंबाचा रस पिणाऱ्यांचा. सकाळी हिरवे गोळे पडतात आणि भक्तगण ते खडे म्हणून बाटलीत भरून पाहुण्यांना दाखवतात. 2005 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात अशा गोळ्यांची तपासणी प्रसिद्ध झाली. निघाले काय? तेलाचा पोटातच बनलेला साबण! म्हणजे खडे जागच्या जागी, आणि वर साबणाचा कारखाना फुकट.

मी काही सुरीचा भक्त नाही. दुसऱ्याच कशासाठी सोनोग्राफी केली आणि खडे दिसले, पण त्रास काहीच नाही, अशा बहुसंख्य लोकांना ते पुढेही छळत नाहीत. डॉक्टर बहुधा लक्ष ठेवा एवढेच सांगतात. पण एकदा कळ देऊन गेलेला खडा पुन्हा येण्याचा संभव मोठा. त्याने सोनोग्राफी करून सर्जन गाठावा. आणि कळ पाच-सहा तास हटेना, थंडी वाजून ताप भरला, डोळे पिवळे झाले, लघवी काळ्या चहासारखी किंवा शौच मातकट-पांढुरके झाले, तर उजाडायची वाट पाहू नये. तडक इस्पितळ गाठावे. नळीत अडकलेला खडा जंतुसंसर्ग आणि स्वादुपिंडाची सूज ओढवून घेतो, आणि त्यात माणसे दगावतात. छातीत दाबल्यासारखे होऊन घाम फुटला, तर तो हृदयविकारही असू शकतो. तिथे ओव्याचा डबा शोधण्यात वेळ घालवणारे नातेवाईक मला वैऱ्यासारखे वाटतात.

"पण पोट फाडतील ना?" ही भीती जुनी. पित्ताशय काढण्याची पहिली शस्त्रक्रिया लांगेनबुख यांनी बर्लिनमध्ये केली ती 1882 साली. आपल्या मुंबईत जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहमटन उडवाडिया यांनी 1990 मध्ये ती दुर्बिणीतून केली. आता बहुतेकांचे काम तीन-चार छोट्या छिद्रांत भागते. "आणि पिशवी काढल्यावर पचनाचं काय हो?" अहो, पित्त यकृत तयार करते, पिशवी ही नुसती गच्चीवरची टाकी. टाकी काढली तरी नळाला पाणी येतच राहते.

तेव्हा माझी मागणी साधी आहे. घरात कुणालाही 'गॅस' हे निदान करायची परवानगी असू नये. आधी तपासणी, मग निदान, मग काय ते औषध. ओव्याशी माझे वैर नाही. त्याच्या पानांची भजी फार फक्कड होतात. ज्याचे पित्ताशय ठणठणीत आहे, त्याने जरूर खावीत.