गाठीची तपासणी टाळू नका



गेल्या वर्षी आमच्या चाळीतील एका ताईंच्या छातीत गाठ हाताला लागली. दुखत नव्हती, म्हणून त्यांनी चार महिने कोणाला सांगितले नाही. डॉक्टरांनी बायॉप्सी करायला सांगितली तेव्हा म्हणाल्या, "सुई टोचली की गाठ चिडते आणि कॅन्सर अंगभर पसरतो. मी नाही जायची."

१९५६ साली आपल्या वाडवडिलांनी बावीस प्रतिज्ञा घेतल्या, अंगारे-धुपारे सोडले. पण अशी ऐकीव भीती अजून घरात आहे. ऐकीव गोष्ट तपासल्याशिवाय मानू नका, ही तर भगवान बुद्धांची शिकवण! मी ताईंबरोबर गेले. तिथे जे पाहिले व विचारून घेतले ते लिहिते.

बायॉप्सी म्हणजे गाठीचा बारीक तुकडा काढून तो सूक्ष्मदर्शकाखाली तपासणे. आधी डॉक्टर हाताने तपासतात, सोनोग्राफी किंवा मॅमोग्राफी करतात. पण गाठ साधी की कर्करोगाची, हे तुकड्यावरूनच पक्के कळते. या सुईने कर्करोग अंगभर पसरत नाही. आणि छातीतील बहुतेक गाठी कर्करोगाच्या नसतात.

रक्त पातळ करण्याची गोळी चालू असेल, एखादे औषध सोसत नसेल किंवा दिवस गेले असतील तर आधीच सांगा. गोळी मनाने बंद करू नका. पुढून उघडणारा सैल ब्लाउज घाला. तपासताना खोलीत बाई हजर असावी, असे सांगण्याचा तुम्हाला हक्क आहे.

आत आडवे झोपवतात. भुलेचे इंजेक्शन देतात, तेवढे टोचते. मग सोनोग्राफीत पाहत सुई घालतात. दाब जाणवतो आणि यंत्राचा 'खट्' असा आवाज येतो. त्याला दचकू नका. असे चार-सहा तुकडे घेतात. साधारण अर्ध्या तासात काम होते. टाके पडत नाहीत. जागा दाबून धरून पट्टी लावतात आणि त्याच दिवशी घरी सोडतात.

काही दिवस जागा काळीनिळी दिसते, ठणकते. कपड्यात बर्फ गुंडाळून लावावा. दोन दिवस पाण्याचे हंडे उचलू नयेत. बंधूंनो, ते काम तुमचे! ताप आला, जागा लाल झाली, पू आला किंवा रक्त थांबेना, तर लगेच रुग्णालय गाठावे.

रिपोर्टला आठवडा-दोन आठवडे लागतात. कर्करोग निघालाच तर त्याच तुकड्यावर ईआर, पीआर, हर-टू या तपासण्या करून औषध ठरवतात. दुसऱ्या रुग्णालयात जाताना रिपोर्टबरोबर काचपट्ट्या आणि मेणाचे ब्लॉकही मागून न्या. खर्चाची अडचण असेल तर सरकारी रुग्णालयातील समाजसेवा अधीक्षकांना भेटा. महात्मा फुले जन आरोग्य योजनेची चौकशी तिथेच करा. ज्यांच्या घरी ईएसआयचे कार्ड आहे त्यांनी ते वापरावे.

परळच्या टाटा रुग्णालयाने १९९८ पासून मुंबईच्या वस्त्यांमधील १,५१,५३८ स्त्रियांचा वीस वर्षे अभ्यास केला. त्यांतील निम्म्या वस्त्यांत प्रशिक्षण घेतलेल्या बायकांनी दर दोन वर्षांनी हाताने छाती तपासली. २०२१ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला. तपासणी झालेल्या वस्त्यांत पन्नाशीपुढच्या स्त्रियांचे या कर्करोगाने होणारे मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी कमी झाले होते. या स्त्रिया आपल्यासारख्याच वस्तीतल्या होत्या. गाठ लवकर सापडली आणि लवकर तपासली, तर जीव वाचतो.

आमच्या ताईंचा रिपोर्ट कर्करोगाचा आला. ऑपरेशन झाले, उपचार चालू आहेत. चार महिने फुकट घालवल्याचे त्यांना वाईट वाटते. गेल्या महिन्यात महिला मंडळातील एका मुलीला गाठ लागली, तेव्हा ताई स्वतः तिला घेऊन गेल्या. तिची गाठ साधी निघाली.

या रविवारी विहारात वंदना झाल्यावर हा विषय काढा. एखादी भगिनी अजून गप्प असेल. तिच्याबरोबर कोण जाणार, ते तिथेच ठरवा.

जयभीम! नमो बुद्धाय!