मोडीच्या भावात
(तृतीय वर्ष कला)

गेल्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर आमच्या दक्षिण कसब्यातल्या घराचा माळा रिकामा केला. घर जुने, माळवदी. पावसाळ्यात मागची भिंत खचली, तेव्हा माळवद काढून स्लॅब टाकायचा असे ठरले, आणि तीन पिढ्यांनी 'लागेल कधीतरी' म्हणून वर टाकलेल्या वस्तू एका रविवारी अंगणात उतरल्या. दोन हंडे, एक घंगाळ, कान तुटलेली परात, झाकणे हरवलेले पितळी डबे, झोपाळ्याच्या कड्या, एक पाय नसलेला चौरंग आणि महिरपीचा सागवानी देव्हारा. आठवडाभरात सगळ्याची वाट लागली. तुळया आणि खांब लाकडाच्या व्यापाऱ्याने घनफुटाच्या भावाने नेले. झोपाळा आणि देव्हारा पुण्याहून आलेल्या एका गृहस्थांनी 'अँटिक' म्हणून नेला. (हा शब्द त्यांनी उच्चारताच बाबांनी मनातल्या मनात किंमत दुप्पट केली आणि त्यांनी लगेच ती निम्म्यावर आणली. सौदा साडेचार हजारांत तुटला.) भांडी तेवढी मंगळवार पेठेत मोडीला गेली.

भांडी घेऊन बाबांबरोबर मीच गेले होते. थोरला हंडा काट्यावर चढला तेव्हा त्याच्या काठावर मला अक्षरे दिसली. ठोक्याने टिंब टिंब पाडून कोरलेली ती अक्षरे आपल्या सर्वांच्या घरी असतात आणि आपण ती कधी वाचत नाही. बोटाने काजळी पुसली. आधी 'चि. सौ. कां.', मग माझ्या पणजीचे माहेरचे नाव, आणि पुढे 'यांस लग्नांत आहेर, वैशाख शके १८५२'. मी दुकानदारांना म्हटले, "काका, यावर नाव आहे." ते हसून म्हणाले, "ताई, अक्षराला भाव नसतो. भट्टीत गेल्यावर सगळं पितळ सारखंच." त्यांचे काही चुकले नाही. पाच किलो आठशे ग्रॅम भरले, घट वजा जाता बावीसशे रुपये हातात पडले.

संध्याकाळी आजीला सहज विचारले, की शके १८५२ म्हणजे कुठले साल? तिने बोटांवर हिशेब केला नाही. ती म्हणाली, "मार्शल लॉचं साल. तुझ्या पणजीचं लग्न त्यातच झालं."

शके १८५२ चा वैशाख म्हणजे १९३० चा मे महिना. इतिहासाच्या विद्यार्थ्यांना तारखा पाठ असतीलच. ८ मे रोजी सोलापुरात गोळीबार झाला, पुढचे तीनचार दिवस या शहरावर इंग्रजांची सत्ता चालली नाही, आणि १२ मे रोजी लष्करी कायदा पुकारला गेला, तो जूनअखेरपर्यंत राहिला. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन या चौघांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याच्या तुरुंगात फाशी दिली. त्यांचे पुतळे आपण रोज येताजाता पाहतो. पण त्याच मे महिन्यात या गावात लग्नेही निघालेली असणार, हे मला कधी सुचले नव्हते. पणजीचे माहेर सोलापूरचे. नवरा मुलगा अक्कलकोटकडचा. वऱ्हाड गाड्यांतून निघाले ते गावाबाहेरच अडकले. अखेर मुलीकडच्यांनीच असेल ते बरोबर घेऊन शहर सोडले आणि वळसंगच्या बाजूला एका मारुतीच्या देवळात अक्षता पडल्या. आहेराची भांडी, नावे घालून तयार झालेली, कासाराच्या दुकानातच राहिली. दुकान बंद होते. पणजीच्या मामाने तो हंडा डोक्यावरून आणून पोचवला तो श्रावणात. म्हणून, आजी म्हणाली, त्यावर लिहिलेले वैशाख आहे आणि घरात आला तो श्रावणात.

हे सगळे आजीला तिच्या सासूने सांगितलेले. आम्हाला कुणी विचारले नाही म्हणून तिने सांगितले नाही. दुसऱ्या दिवशी दुकान उघडताच बाबा न सांगता गेले. टेम्पो सकाळी सहालाच निघून गेला होता.

मित्रमैत्रिणींनो, इथे मी 'आपल्या पूर्वजांचा वारसा' वगैरे म्हणू लागेन अशी तुम्हाला भीती वाटत असेल, तर ती सोडून द्या. जुन्या वस्तू विकू नयेत असे माझे मत नाही. पितळेची भांडी घरातून गेली त्याबद्दल गळा काढणारे बहुधा पुरुष असतात, आणि त्यांनी चिंच आणि राख घेऊन ती कधी घासलेली नसतात. पितळेला कल्हई लागते, कल्हई उडाली की ताक कळकते, हंडा विहिरीवरून आणायचा तर कंबर मोडते. स्टेनलेस स्टीलने आपल्या आज्यांचे जेवढे हाल वाचवले तेवढे पुष्कळ समाजसुधारकांनाही जमले नसेल. आजीने स्वतः जुन्या लुगड्यांवर बोहारणीकडून स्टीलचे डबे घेतले आणि तिला त्याचा आजही अभिमान आहे.

गरजेने विकणाऱ्यालाही कुणी उपदेश करू नये. १९७२ च्या दुष्काळात आमच्या जिल्ह्यातल्या किती घरांतली तपेली आणि घागरी ज्वारीच्या पायलीसाठी गेल्या याची मोजदाद नाही. गिरण्या एकेक करून बंद पडल्या तेव्हाही तेच झाले. आमच्याकडचे दुसरे घंगाळ आणि समयांची जोडी बाहत्तर सालीच गेली. फक्त तो थोरला हंडा पणजीने देऊ दिला नाही. तिने तो कोठीत ज्वारीच्या रिकाम्या कणगीमागे लपवला होता म्हणे. म्हणजे दुष्काळात टिकलेला हंडा आमच्या घरावर स्लॅब पडायच्या वेळी गेला, आणि तोही आम्हाला पैशांची अडचण नसताना. माझी तक्रार आहे ती एवढ्याच जागी.

माझे म्हणणे असे आहे, की आपण वस्तू विकतो हा दोष नाही, आपण ती न वाचता विकतो हा आहे. जुन्या वस्तूंच्या धंद्याचे सगळे इंगित यातच आहे. घरातून वस्तू निघते ती वजनाने, घनफुटाने किंवा 'उचला एकदाचे' या भावाने. दुकानात ती उभी राहते ती वयाच्या आणि कथेच्या भावाने. मधला नफा हा कथेचा असतो, आणि ती कथा आपण बरोबर फुकट दिलेली असते, किंवा त्याहून वाईट म्हणजे दिलेलीच नसते. मग दुकानदार ती स्वतः रचतो. आमच्या देव्हाऱ्याला आता बहुधा एखाद्या सरदाराचा वाडा चिकटला असेल. तो बार्शीच्या एका सुताराने माझ्या पणजोबांच्या उसन्या पैशांपोटी करून दिला होता, हे त्या पुण्याच्या गृहस्थांना कोण सांगणार? खरी कथा खोट्या कथेपेक्षा साधी होती एवढाच तिचा गुन्हा.

खऱ्या कथा हरवल्या की खोट्या वस्तूंचेही फावते. नव्या पितळेला आम्ल लावून, मातीत पुरून राप चढवतात. जुन्या तुळयांच्या फळ्या कापून त्यांची 'पेशवाई' कपाटे होतात. खरेदीदाराला फरक कळावा तरी कसा? वस्तू कुणाची, कुठून आली, हे सांगणारा दुवाच आपण तोडून ठेवलेला असतो.

तरी व्यापाऱ्याला खलनायक करणे मला पटत नाही. तो आला नसता तर देव्हाऱ्याचेही सरपण झाले असते. पुण्याच्या दिनकर केळकरांनी १९२० च्या सुमाराला जुन्या वस्तू जमवायला सुरुवात केली. घरचा धंदा चष्म्यांचा, मन कवीचे ('अज्ञातवासी' या नावाने ते लिहीत), आणि छंद असा की दिवे, अडकित्ते, दौती, वज्र्या, दरवाजे, वाद्ये असे जे जे लोक टाकायला निघाले ते ते यांनी विकत घेतले. लहानपणीच गेलेल्या आपल्या राजा या मुलाचे नाव त्यांनी संग्रहालयाला दिले आणि सारा संग्रह पुढे महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. कोथरूडचा मस्तानी महाल त्यांनी उचलून आणून संग्रहालयात उभा केला हे सगळे सांगतात. मला मात्र त्यांच्या वज्र्यांचे कौतुक जास्त वाटते. अक्कलकोटच्या राजवाड्यातले शस्त्रागार आपण सहलीला जाऊन पाहून आलो. तलवारी राखायला राजा असतो. पाय घासायच्या वज्रीला राखणारा माणूस शतकातून एखादाच निघतो, आणि तोसुद्धा शेवटी विकत घेणाराच होता.

कायद्याचा आधार घ्यावा म्हटले तर तो फार थोडा आहे. १९७२ साली केंद्राने पुरावस्तू आणि कलावस्तूंचा कायदा केला, तो ५ एप्रिल १९७६ पासून लागू झाला. शंभर वर्षांहून जुनी वस्तू ती पुरावस्तू. हस्तलिखितांना पंचाहत्तर वर्षे पुरतात. पुरावस्तूंचा व्यापार करायला परवाना लागतो, खाजगी व्यक्तीला ती देशाबाहेर पाठवता येत नाही, आणि मूर्ती, चित्रे, सचित्र पोथ्या अशा ठरावीक प्रकारांची नोंदणी करावी लागते. कायदा मुख्यतः देवळातल्या मूर्ती परदेशी जाऊ नयेत म्हणून झाला, आणि तो हवाच होता. पण माळ्यावरच्या हंड्याला त्याचा काय उपयोग? आमच्या हंड्याची शंभरी भरायला २०३० साल उजाडावे लागले असते. त्याआधीच त्याचे दिवस भरले.

शंभर वर्षांची ही अट सरकारलाही कशी नडते ते पाहण्यासारखे आहे. चंदीगड शहर वसवले तेव्हा ल कॉर्बुझिएचा चुलतभाऊ पिएर जानरे आणि त्याच्या सहकाऱ्यांनी तिथल्या कचेऱ्यांसाठी, विद्यापीठासाठी, वसतिगृहांसाठी सागवान आणि वेताच्या साध्या खुर्च्या, टेबले, बाके आखली. चाळीसेक वर्षे कारकून त्यांवर बसले. वेत फाटला, पाय डगमगू लागले, तशा त्या गच्चीवर आणि जिन्याखाली ढिगाने पडल्या आणि निरुपयोगी सामान म्हणून लिलावात निघाल्या. परदेशी व्यापाऱ्यांनी त्या भंगाराच्या किमतीत उचलल्या, दुरुस्त केल्या, आणि आज युरोप-अमेरिकेच्या लिलावांत त्यांतल्या एकेका खुर्चीला लाखांनी रुपये पडतात. वयाने शंभरी न गाठलेल्या म्हणून त्या पुरावस्तू ठरत नाहीत. २०११ साली केंद्रीय गृहमंत्रालयाला अशा वस्तू विकू नका असा आदेश काढावा लागला. गंमत म्हणजे त्या खुर्च्यांच्या पाठीवर सरकारी खात्यांचे नाव आणि क्रमांक रंगवलेले असत, आणि परदेशात ती अक्षरे खरेपणाची खूण मानली जातात. आपल्याकडे अक्षराला भाव नसतो!

चंदीगडचे उदाहरण मी उगाच दिले नाही. आपल्या ग्रंथालयाच्या जिन्याखाली पाहा. वाचनकक्षातली जुनी लंबगोल टेबले, उतरत्या फळीची डेस्के आणि वेत गेलेल्या हाताच्या खुर्च्या तिथे एकावर एक रचून ठेवल्या आहेत. त्या डेड स्टॉकच्या नोंदवहीतून कमी होतील, सूचनाफलकावर 'निरुपयोगी लाकडी सामान' असा एका ओळीचा कागद लागेल, आणि सर्वांत मोठी बोली लावणारा ट्रक घेऊन येईल. त्या टेबलांवर बसून या गावच्या किती गिरणी कामगारांच्या आणि विणकरांच्या पहिल्या शिकलेल्या मुलांनी पदवीचा अभ्यास केला असेल! विकू नका असे मी म्हणत नाही. नव्या खुर्च्यांना जागा लागते आणि जुन्यांत ढेकूण असतात, हेही मला अनुभवाने ठाऊक आहे. माझी प्राध्यापकवर्गाला विनंती इतकीच, की लिलावापूर्वी एक आठवडा द्यावा. इतिहास विभागाच्या विद्यार्थ्यांनी प्रत्येक वस्तूचे माप घ्यावे, खाली कुठे सुताराची खूण किंवा साल आहे का ते पाहावे, फोटो काढावा, आणि ज्या माजी शिपायांना आणि ग्रंथपालांना त्या टेबलांचे पूर्वीचे दिवस आठवतात त्यांच्याकडून चार ओळी लिहून घ्याव्यात. जमल्यास एक टेबल ठेवावे. डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचे जन्मघर महानगरपालिकेने स्मारक म्हणून जपले आहे. एक टेबल जपायला त्याच्या शतांशही खर्च येणार नाही.

घरी काय करायचे ते ज्याचे त्याने ठरवावे. मी केले ते सांगते, पण त्याआधी एक आठवण. दिवाळीनंतर पुणे रस्त्यावरच्या एका हॉटेलात आम्ही जेवायला थांबलो होतो. सध्याच्या रिवाजाप्रमाणे तिथे जात्यावर काच टाकून टेबल केले होते, भिंतीवर परात टांगली होती आणि दाराशी पितळी हंड्यात शोभेचे झाड लावले होते. मी वाकून काठ पाहिला. टिंबाटिंबांची अक्षरे होती. नाव आमचे नव्हते. कुणा दुसऱ्याच मुलीचे होते, आणि खाली 'मावशीकडून'. साल पॉलिशने घासून गेले होते. वेटरला विचारले, तर तो म्हणाला, "डिझाइन आहे, मॅडम."

घरी आल्यावर दोनशे पानी वही घेतली. पहिल्या पानावर हंडा लिहिला. वस्तू: पितळी हंडा. वजन: ५ किलो ८०० ग्रॅम. काठावरची अक्षरे: आठवतील तशी. सध्या कुठे: मोडीला गेला. दुसऱ्या पानावर देव्हारा, तिसऱ्यावर झोपाळा. त्याच्या कड्या मात्र पुण्याच्या गृहस्थांनी नेल्या नाहीत, त्या घरी आहेत. चौथ्या पानापासून अजून घरात असलेल्या वस्तू सुरू होतात. आजीला रोज रात्री जेवणानंतर एक पान वाचून दाखवते. पहिल्याच पानावर तिने मला थांबवले. हंडा मामाने डोक्यावरून आणला असे मी लिहिले होते. "डोक्यावरून नाही गं," ती म्हणाली, "अक्कलकोटपर्यंत तो कुणाच्यातरी कडब्याच्या गाडीत आला. डोक्यावरून फक्त वेशीपासून घरापर्यंत. नीट लिही."