शांतता कुणाच्या खर्चानं?

ऑफिसातल्या एका मित्राला मी गेल्या जानेवारीत आजोळी नेलं. चूक माझीच. 'नदीकाठचं, शांत, जिथं काहीच करायचं नाही असं गाव' तो दोन महिने शोधत होता आणि माझं आजोळ कृष्णाकाठी, भिलवडी-औदुंबरच्या पट्ट्यात आहे हे मीच डबा खाताना बोलून गेलो. त्याला 'स्लो ट्रॅव्हल' करायचं होतं. म्हणजे ठिकाणांची यादी करून धावायचं नाही, एका जागी चार दिवस राहायचं, घाटावर बसायचं, लोकांशी बोलायचं. ऐकायला यात वावगं काहीच नाही.

दुसऱ्या रात्री दीडच्या सुमारास तो सोप्यात आला. मामा बॅटरी आणि काठी घेऊन निघालाच होता. शेतीची लाईट त्या आठवड्यात रात्रीची होती. शेतीपंपांना वीज पाळीनं मिळते, कधी दिवसा, कधी रात्री. आणि रात्रपाळी आली की साठी उलटलेला माणूसही उसाला पाणी पाजायला मध्यरात्री रानात जातो. पायाखाली चिखल, अंगावर थंडी, सापाची भीती, अलीकडे बिबट्याचीही. मित्रानं मला अगदी सभ्यपणे विचारलं, "घरामागची ती मोटर रात्रीपुरती बंद होईल का?" मामानं ऐकलं. "करतो की बंद. पावण्याची झोप कशाला मोडायची?" म्हणाला आणि घरामागचं वांग्याचं रान तसंच ठेवून लांबच्या विहिरीवर निघून गेला.

सकाळी मित्रानं फोटो टाकला. खाली ओळ : इथं रात्री फक्त नदीचा आवाज येतो.

जानेवारीत कृष्णेला आवाज नसतो हो. बंधाऱ्यांनी अडवलेलं पाणी जागच्या जागी उभं असतं. त्याला ऐकू आली ती मामाची बंद मोटर होती.

माझं भांडण मित्राशी नाही, तो भला माणूस आहे. भांडण त्या 'शांत' या विशेषणाशी आहे. गाव शांत कधी असतं? एक तर कुणीतरी तुमच्यासाठी आवाज बंद केलेला असतो, नाही तर आवाज करणारी माणसंच तिथं उरलेली नसतात. आमच्या गल्लीत दुपारी चिटपाखरू नसतं, कारण मामाची दोन्ही पोरं आणि मी पुण्यात आहोत. मी लहान असताना मे महिन्यात याच गल्लीत इतका दंगा चालायचा, की मामी काठी घेऊन बाहेर यायची. ती दुपार आता 'निवांत' म्हणून विकली जाते आणि विकत घेणारे आम्हीच. आम्हीच गाव रिकामं केलं आणि आम्हीच त्या रिकामपणाला पाच तारे देतो.

बरं, निदान 'हळू' तरी खरं असावं! घाटावर जाताना वाटेत ऊसतोड मजुरांच्या कोप्या लागल्या. बैलगाड्या, चुली, उसाच्या ढिगावर झोपलेलं पोर. मित्रानं फोटो काढले. बैलगाडी दिसली की आपल्याला वेळ थांबल्यासारखा वाटतो. ही माणसं बीडकडून आलेली असतात, मुकादमाकडून घेतलेली उचल फेडायला पहाटेपासून कोयता चालवतात आणि एका गावात चार दिवस नव्हे, हंगामभर राहतात. या देशातला सगळ्यात संथ प्रवास तेच करत असतील. त्यांच्याशी बोलणं मात्र मित्राच्या 'लोकांशी बोलायचं'मध्ये बसलं नाही. माझ्याही नाही.

कुणी म्हणेल, यातून गावात पैसा येतो की. येऊ दे ना! होमस्टेला माझा विरोध नाही. पण मग हिशोब नीट मांडा. त्या रात्री वांग्यांची पाण्याची पाळी चुकली, ती कुठल्या बिलात लागली? आणि मी स्वतः तरी कोण? मागच्या वर्षी आठवडाभर तिथूनच काम केलं, त्याला 'वर्केशन' म्हणालो, आणि माझे कॉल चालू असेपर्यंत मामी मिक्सर लावत नव्हती. चटणी पाट्यावर वाटायची. मी ती चवीचं कौतुक करत खाल्ली.

सगळ्यात जास्त खुपतं ते नदीचं. औदुंबरहून नावेतून पलीकडे भुवनेश्वरीला जाताना मित्र म्हणाला, "ही नदी बघून मन किती शांत होतं!" मी गप्प बसलो. पावसाळ्यात आमच्याकडे घड्याळापेक्षा जास्त वेळा सांगलीच्या आयर्विन पुलाची पातळी बघतात. ४० फुटांवर इशारा, ४५ वर धोका. कोयनेतून किती क्युसेक सोडलं हे शाळेतल्या पोरालाही पाठ असतं. २००५, २०१९, २०२१. २०१९ला पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. त्याच वर्षी ८ ऑगस्टला, कृष्णा आणि येरळा मिळतात त्या ब्रह्मनाळला, पुरातून लोकांना बाहेर काढणारी बोट उलटली आणि डझनाहून जास्त माणसं गेली. नदी तीच. आम्ही नावेत बसलो होतो तिथून ते गाव फार लांब नाही. हे तेव्हाच सांगायला हवं होतं. पाहुण्याचा मूड जाईल म्हणून मीही माझी मोटर बंद ठेवली.

मळीची जमीन इतकी काळीभोर का, वांग्यांना ती चव कुठून, तर याच पुराच्या गाळातून. लोक पुराला शिव्या घालतात आणि काठही सोडत नाहीत. हे समजून घ्यायचं तर काठावर नुसतं बसून भागत नाही, एखादा पावसाळा काढावा लागतो. चार दिवसांत दिसतं ते पाणी.

निघताना मित्र मामाच्या पाया पडला. मनापासून. म्हणाला, "मामा, आता ऑगस्टमध्ये येतो, सगळं हिरवंगार असेल ना तेव्हा?"

मामा हसला. "या की. माळ्यावर जागा करून ठेवतो."