रात्री निघून पहाटे पोहोचण्याचा हट्ट

पुण्याहून नागपूरला, मुंबईहून तळकोकणात किंवा नाशिकहून तुळजापूर-अक्कलकोटला गाडीने जायचे ठरले, की घरोघरी एकच बेत शिजतो: दिवसभर कामे उरकू, रात्री जेवून निघू, रस्ता मोकळा मिळेल, पहाटे पोहोचू. या बेतामागची कारणे खोटी नाहीत. रात्री ऊन लागत नाही, शहराबाहेर पडताना कोंडी नसते, पोरे झोपून जातात, एक रजाही वाचते. पण या सगळ्या हिशेबात गाडी चालवणाऱ्याची झोप कुठेच धरलेली नसते. लांबच्या प्रवासाची सुरक्षितता आपण गाडीच्या टायरांत, एअरबॅगांत आणि रस्त्याच्या गुळगुळीतपणात शोधतो. माझे म्हणणे असे, की ती सर्वांत आधी चालकाच्या आदल्या चोवीस तासांत शोधायला हवी.

माणसाचे शरीर मध्यरात्रीनंतर पहाटे सहापर्यंत झोपच मागते. दुपारी दोन ते चारच्या दरम्यान तीच मागणी थोडी सौम्यपणे पुन्हा येते. ड्रू डॉसन आणि कॅथरीन रीड यांनी 1997 साली ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात सलग सतरा तास जागलेल्या माणसाची कामगिरी रक्तात 100 मिलिलिटरमागे 50 मिलिग्रॅम मद्य असलेल्या माणसाइतकी घसरलेली आढळली. आपल्या कायद्याने गाडी चालवताना चालणारी मर्यादा 30 मिलिग्रॅमची आहे. सकाळी सहाला उठलेला माणूस रात्री अकराला सतरा तास पुरे करतो, म्हणजे ‘जेवून निघू’ म्हणतो नेमका तेव्हा. प्यायलेल्या चालकाच्या हाती आपण आपली मुले सोपवणार नाही. मग जागरणाने तितक्याच मंदावलेल्या चालकाच्या हाती का सोपवतो?

यावर पहिला आक्षेप येतो तो सरकारी आकड्यांचा. 2022 मध्ये देशात रस्त्यांवर 1,68,491 माणसे गेली आणि त्यांतले सुमारे 71 टक्के मृत्यू अतिवेगाच्या खाती नोंदले गेले. तेव्हा खरा शत्रू वेग, झोप नव्हे, असे म्हटले जाते. वेग मारतो, यात वाद नाही. पण दारू मोजायला पोलिसांकडे फुंकर मारायचे यंत्र आहे, झोप मोजायला काहीच नाही. डुलकी लागलेल्या चालकाची गाडी ब्रेक न लागता, आहे त्या वेगाने दुभाजकावर किंवा पुढच्या ट्रकवर आदळते. तपासणाऱ्याला दिसतो तो वेग. ताशी 120 किलोमीटरने धावणारी गाडी सेकंदाला 33 मीटर जाते. तीन सेकंदांच्या डुलकीत शंभर मीटर रस्ता कोणीही न पाहता मागे पडतो.

‘आमचा ड्रायव्हर मुरलेला आहे, त्याला सवय आहे’ हे दुसरे उत्तर. अनुभवाने घाटातले वळण समजते, समोरच्या ट्रकवाल्याचा इरादा ओळखता येतो. झोप मात्र अनुभवाला जुमानत नाही. उलट मुरलेला चालक जांभया, जड झालेल्या पापण्या, निसटलेला मैलाचा दगड, कडेच्या पट्ट्यांवर चाक गेल्याची घरघर या खुणा ‘अजून थोडेच राहिले’ म्हणत रेटून नेतो. काच खाली करणे, गाणी मोठ्याने लावणे यांनी काही मिनिटे निभतात. चहा-कॉफीचा परिणाम व्हायला वीस-तीस मिनिटे लागतात. ती पिऊन पंधरा-वीस मिनिटे गाडी सुरक्षित जागी लावून डोळे मिटले, तर थोडा उपयोग होतो. पण तोही रात्रीच्या झोपेचा पर्याय नव्हे.

रस्ते सुधारले की प्रश्न सुटेल, असे मानणाऱ्यांचे अर्धे म्हणणे मला मान्य आहे. कठडे, कॅमेरे, थांब्याच्या जागा हे सरकारचेच काम आहे, आणि समृद्धी महामार्गाचा पहिला टप्पा डिसेंबर 2022 मध्ये खुला झाला तेव्हा वाटेत टेकायला धड जागा नव्हती, ही मोठी चूक होती. पण सरळ, रुंद, रिकामा रस्ता चालकाला जागे ठेवत नाही, गुंगवतो. 1 जुलै 2023 रोजी सिंदखेडराजाजवळ त्याच महामार्गावर बस पेटून 25 प्रवासी गेले, तेव्हा रात्रीचा दीड वाजला होता. शिवसंग्राम संघटनेचे नेते विनायक मेटे यांच्या गाडीला 14 ऑगस्ट 2022 रोजी मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर जीवघेणा अपघात झाला, तो बीडहून रात्रभर प्रवास करून आल्यानंतर, पहाटे पाचच्या सुमारास. या अपघातांच्या कारणांवर बरेच वाद झाले आणि केवळ डुलकीवर बोट ठेवणे न्याय्य होणार नाही. पण या वेळी रस्त्यावर असणे हाच धोका आहे, हे नाकारता येत नाही. शिवाय रात्री मागची माणसे पट्टा काढून आडवी होतात, मुलांसाठी सीटवर गादी अंथरली जाते. मागे बसून पट्टा न लावण्याची किंमत सप्टेंबर 2022 मध्ये उद्योगपती सायरस मिस्त्री यांच्या अपघाती मृत्यूने सगळ्या देशाला दिसली.

सर्वांत अवघड प्रश्न भाड्याच्या गाडीचा आहे. 1961 चा मोटार परिवहन कामगार कायदा नोव्हेंबर 2025 मध्ये नव्या श्रम संहितेने त्याची जागा घेईपर्यंत लागू होता. चालकाला दिवसाला आठ तास, लांब पल्ल्याला फार तर दहा, आणि पाच तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती, असे तो सांगत होता. मोटार वाहन कायद्याच्या कलम 91 ने भाड्याच्या प्रवासी वाहनांच्या चालकांनाही तीच मर्यादा लागू होती. प्रत्यक्षात लग्नाच्या वऱ्हाडाचा किंवा देवदर्शनाचा टेम्पो ट्रॅव्हलर आदल्या रात्रीची फेरी करून आलेला असतो. आपण लॉजमध्ये झोपतो, चालक गाडीतच सीट मागे करून, डास मारत पडतो, आणि पहाटे चारच्या काकड आरतीला आपल्यालाच सोडायला उठतो. मुक्कामाने खर्च वाढतो, हा आक्षेप खरा आहे, पण भक्तनिवासातली किंवा साध्या लॉजमधली एक खाट दहा-बारा जणांच्या वर्गणीत जड नाही. रजा नसेल तर दोन देवस्थाने कमी करावीत. देव कुठे जात नाही.

म्हणून पुढच्या वेळी गाडी ठरवताना किलोमीटरचा दर विचाराल, तेव्हा चालक काल रात्री कुठे होता आणि किती झोपला, हेही विचारा. उत्तर समाधानकारक नसेल तर निघणे सकाळवर ढकला, आणि मुक्कामाच्या खोल्या सांगताना त्याच्यासाठी एक खाट आधीच सांगून ठेवा.